सही आणि तारीख

"इथं सही केलीत की झालं," असं म्हणत कर्टिसनं कागद लावलेली पाटी डार्लाच्या मांडीवर ठेवली आणि पेन तिच्या उजव्या हाताशी आणून धरलं.

डार्लानं पेन घेतलं नाही. ती खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या खुर्चीकडे बघत होती. बॅटरीवर चालणारी, काळी, कोरी करकरीत खुर्ची. हातांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. नवऱ्यानं, रॉलीनं, प्लायवुडच्या फळ्या जोडून दारात उतार केला होता, त्यावरून कर्टिसनं ती नुकतीच वर आणली होती. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ गुडघाभर साचलं होतं आणि कर्टिसच्या बुटांचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

"ही मागं कलते का?" डार्लानं विचारलं.

"नाही मॅडम."

"बैठक वर उचलली जाते?"

"हिची नाही जात. ही साधी आहे. पण दणकट आहे हं, अजिबात कुरकुर करणार नाही."

"आणि उद्या माझा हात गेला, तर डोक्यानं चालवायची सोय जोडता येईल?"

कर्टिसनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मॅडम, मी फक्त पोचवायला येतो. गोदामात जिच्यावर तुमचं नाव चिकटवलेलं होतं, ती घेऊन आलो."

डार्ला हॉल्वर्सनला आजार जडून चौदा महिने झाले होते. या आजारात नसा एकेक करून निकामी होत जातात आणि त्यांच्यामागोमाग स्नायू. औषध नाही, उतार नाही. तिचे दोन्ही पाय गेले होते, डावा हात गेला होता, उजव्या हाताची तीन बोटं तेवढी अजून तिचं ऐकत होती. शहरातल्या इस्पितळात इमेल्दा नावाच्या थेरपिस्टनं दोन तास खपून तिची मापं घेतली होती आणि स्वच्छ लिहिलं होतं: खुर्ची मागे कलणारी हवी, बैठक वर-खाली होणारी हवी, आणि पुढे डोक्याच्या हालचालीनं चालवता येईल अशी हवी. त्यातही घोडं अडलं होतं ते बैठकीपाशी. बैठक पलंगाच्या किंवा कमोडच्या उंचीला आली, की गुळगुळीत फळीवरून डार्लाला नुसतं सरकवायचं, उचलायचं नाही. रॉलीच्यानं उचलणं आता होत नव्हतं. तो सदुसष्टचा होता आणि चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर यंत्रदुरुस्ती करून त्याची पाठ कामातून गेली होती. मागच्या बुधवारी न्हाणीघरात तो तिला घेऊनच पडला. शेजारची जोआन जेवण घालून दिलेलं आपलं रिकामं भांडं न्यायला आली तोवर तासभर दोघं फरशीवर पडून होती. हे असंच चाललं तर डार्लाला घर सोडून गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात जावं लागणार, हे दोघांनाही कळत होतं. तोंडातून मात्र कुणी काढलं नव्हतं.

"घे ना गं," रॉली दारातून म्हणाला. "काहीच नाही त्यापेक्षा ही काय वाईट आहे? निदान खोलीतून खोलीत तरी जाशील."

"ही घेतली तर पाच वर्षं दुसरी मिळत नाही. खरं ना, कर्टिस?"

"तसा नियम आहे, मॅडम."

"पाच वर्षं," रॉली म्हणाला. पाच वर्षांचा हिशेब त्या खोलीत कुणालाच करायचा नव्हता.

"सही नाही केलीत तर मला ही परत न्यावी लागेल," कर्टिस हळूच म्हणाला. "ऑर्डर रद्द होते. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं, चार-पाच महिने. माझ्या हातात असतं तर..."

"ठाऊक आहे," डार्ला म्हणाली. "मीही लोकांना हेच सांगायचे."

एकतीस वर्षं ती काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरपाट्यांच्या काउंटरवर होती. फॉर्म पुरा असल्याशिवाय तिनं कधी शिक्का उचलला नाही. लोक पाठीमागे तिला 'तारीख-डार्ला' म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. एका म्हाताऱ्याला तिनं एकाच ट्रेलरच्या कागदासाठी तीनदा परत पाठवलं होतं: एकदा सही नव्हती, एकदा तारीख नव्हती, एकदा तारीख होती पण चुकीची होती. तो चाळीस मैलांवरून यायचा. तिसऱ्या खेपेला काही बोलला नाही, नुसती टोपी घातली आणि गेला. आजारी पडल्यापासून तो माणूस तिला वारंवार आठवे. त्याचं तिला फार वाईट वाटे. पण नियम चुकीचा होता असं मात्र अजूनही वाटत नव्हतं; बाई तशीच होती.

तिनं पाटीवरचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलं होतं: 'वरील वस्तू माझ्या गरजेनुसार असून ती मला मिळाली.'

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "मी नाही करायची सही."

"डार्ला!" रॉलीचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे. "चार महिने मी कसे काढायचे? माझी पाठ बघतेयस ना तू? ते कागदातलं खरं-खोटं घेऊन काय करू मी?"

कर्टिसनं दोघांकडे पाहिलं, पाटी उचलली आणि खुर्ची उलटी फिरवून उतारावरून खाली नेली. रॉली जाकीट न घालताच गॅरेजमध्ये गेला, आणि थोड्या वेळानं तिथून हातोड्याचे ठोके ऐकू यायला लागले. तिथं ठोकण्यासारखं काहीही नव्हतं, हे डार्लाला पक्कं माहीत होतं.

ती चर्चच्या तळघरातून उसन्या आणलेल्या ढकलखुर्चीत खिडकीशी बसून राहिली. खिडकीतलं जिरेनियम ऐन हिवाळ्यात फुलांनी लगडलं होतं. आपण आणलेल्या खतामुळे ते फोफावलं अशी रॉलीची समजूत होती, आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही असे.

दुपारी जोआन येऊन तिला सूप भरवून गेली आणि जाता जाता विमा कंपनीचा नंबर लावून फोन टेबलावर ठेवून गेली. चाळीस मिनिटं एकच धून वाजत राहिली. मग एक बाई बोलली.

"रोशेल बोलतेय. काय मदत करू?"

डार्लानं फाइलचा नंबर सांगितला.

"तुमची खुर्ची मंजूर झालीये, मॅडम. आज पोचलीही असेल."

"पोचली आणि परतही गेली. ती चुकीची होती. आम्ही मागितलेली का नाकारलीत?"

"कारण पत्रात कळवलंय."

"पत्रात 'गरज सिद्ध होत नाही' एवढंच आहे."

"त्याहून जास्त मी नाही सांगू शकत."

डार्ला क्षणभर थांबली. असल्या वाक्यापाशी लोक चिडतात, ओरडतात, वरच्या साहेबाला बोलवा म्हणतात, आणि मग काउंटरपलीकडच्या माणसाचं तोंड कायमचं मिटतं. एकतीस वर्षांत तिनं ते शेकडोदा पाहिलं होतं.

"रोशेल, मी काउंटीच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढलीत," ती म्हणाली. "काही गोष्टी आपण होऊन सांगायच्या नसतात, पण समोरच्यानं नेमकं विचारलं की सांगाव्याच लागतात. मी काय विचारायला हवं, तेवढं सांगशील?"

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"हा कॉल रेकॉर्ड होतोय, मॅडम."

"होऊ दे की."

"तुमच्या फाइलमधला कुठलाही कागद वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे," रोशेल सावकाश म्हणाली. "कुठला, ते मात्र तुम्ही म्हणायचं."

"थेरपिस्टचा?"

"तो चांगला आहे."

"मग डॉक्टरांचा."

"हं. तो मागा."

"डॉक्टरांचा कागद वाचून दाखव."

रोशेलनं वाचला. बारा डिसेंबरची नोंद होती, डॉक्टर प्रूइट यांची. 'रुग्ण प्रसन्न. विचारलं असता बरी आहे, तक्रार नाही, असं सांगते. घरात वावर ठीक. पतीची थोडी मदत लागते.'

डार्लानं डोळे मिटले. ते शब्द तिचेच होते, एकही डॉक्टरांच्या पदरचा नव्हता. 'कशी आहेस' याला 'बरी आहे' याखेरीज दुसरं उत्तर असतं, हे त्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. हात मळणीयंत्रात गेलेला माणूसही इथं 'जरासं लागलंय' म्हणतो आणि दुसऱ्याच्या गाडीत रक्त सांडलं म्हणून माफी मागतो. डार्ला त्याच मुशीतली. त्या दिवशी बाहेर तीन माणसं खोळंबली होती, डॉक्टर जेवलेलेही दिसत नव्हते, म्हणून ती 'बरी आहे' म्हणाली होती. आणि त्या दोन शब्दांनी इमेल्दाच्या दोन तासांवर पाणी फिरवलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

"मॅडम? आहात ना?"

"आहे. आता काय करता येईल?"

"फाइल शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उघडी आहे. त्याच्या आत डॉक्टरांनी पुन्हा तपासून नवी नोंद पाठवली तर फेरविचार होतो. नंतर नाही. नोंदीवर सही हवी आणि तारीख हवी. तारीख घालायला विसरतात हो ही डॉक्टरमंडळी."

"मी नाही विसरू देणार," डार्ला म्हणाली.

गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. रॉलीनं तिला पिकअपमध्ये उचलून ठेवलं तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि मग गावापर्यंतचे नऊ मैल तो स्टिअरिंगवर ओणवा होऊन गाडी हाकत राहिला. मंगळवारपासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

डॉक्टर प्रूइट आत आले, हात धुतले, स्टुलावर बसले आणि नेहमीसारखे हसले. "काय डार्ला, कशा आहात?"

'बरी' हा शब्द अगदी ओठांवर आला. तिनं तो गिळला आणि रॉलीकडे पाहिलं.

"रॉली, जरा बाहेर बसतोस?"

"नाही," रॉली म्हणाला.

"बस ना थोडा वेळ."

"मी कुठंही जाणार नाही. बोल तू."

डार्लाचे कान तापले. चाळीस वर्षांच्या संसारात जे तिनं याच माणसापासून लपवलं, तेच आता त्याच्यादेखत बोलायचं होतं. आणि उद्या पाचच्या आत.

"मी बरी नाहीये," ती म्हणाली.

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी कळफलक पुढे ओढला.

"या महिन्यात तीनदा पडलेय. दोनदा याच्या हातातून, एकदा कमोडवरून. स्वतःहून बसल्या जागी मला कूसही बदलता येत नाही. माकडहाडाशी जखम झालीये. तो मलम लावतो, त्याला ती लहान वाटते, कारण दुखत नाही म्हणून मी सांगते. दुखतं." ती थांबली. "दुपारी दोननंतर मी पाणी पीत नाही."

"का?"

"प्यायले की संध्याकाळी न्यावं लागतं. संध्याकाळपर्यंत याच्या अंगात त्राण उरत नाही."

रॉली पुढे झाला. "अगं, मी रोज चार वाजता ग्लास भरून तुझ्या हाताशी ठेवतो. रिकामा होतो तो."

"जिरेनियमला जातं ते."

रॉली तिच्याकडे बघत राहिला.

"आणि तरीही दोनदा मला धरवलं नाही," ती आता डॉक्टरांकडे न बघता, भिंतीवरच्या उंची-वजनाच्या तक्त्याकडे बघत बोलत होती. "खुर्चीतच झालं. याला मी कॉफी सांडली म्हणून सांगितलं. त्यानं कपडे बदलले आणि पुढच्या वेळी कप अर्धाच भरला. त्याला कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. एवढंच आहे. लिहा."

खोलीत फक्त टाइप केल्याचा आवाज होता. मग रॉलीनं घसा साफ केला.

"मलाही एक सांगायचंय. त्या शुश्रूषागृहाचा फॉर्म मी भरलाय. दहा दिवस झाले." त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "सही केलीय त्यावर. तुला विचारलं नाही."

डार्लानं तक्त्यावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"पाठवलास?"

"नाही. गाडीत आहे, सीटखाली."

"तारीख टाकलीस?"

रॉलीनं आठवून पाहिलं. "नाही."

"मग तो चालायचा नाही," डार्ला म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली. रॉली खिडकीशी गेला, खिशातून रुमाल काढून त्यानं मोठ्यांदा नाक शिंकरलं आणि बराच वेळ पार्किंगमधल्या गाड्या बघत उभा राहिला.

"डिसेंबरात मी नीट विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत. मीच खोटं बोलले. वाचून दाखवता?"

त्यांनी वाचून दाखवलं. एके ठिकाणी 'अधूनमधून उचलावं लागतं' असं होतं. "अधूनमधून नाही," डार्ला म्हणाली. "दिवसातून सहा वेळा." त्यांनी दुरुस्त केलं, कागद छापला, सही केली, तारीख घातली आणि तिच्यासमोर धरला.

"साल राहिलंय," डार्ला म्हणाली.

डॉक्टरांनी साल घातलं. नर्सनं तिच्या डोळ्यांदेखत तो फॅक्स केला आणि पोचल्याची चिठ्ठी तिच्या मांडीवर ठेवली. अकराला दहा मिनिटं होती. परतीच्या वाटेत रॉलीनं सीटखालून तो फॉर्म काढून मधल्या जागेत, उघड्यावर ठेवला.

मंजुरीचं पत्र मार्चअखेरीस आलं. पण मंजुरी म्हणजे खुर्ची नव्हे. मोटर एकीकडून यायची होती, उशी दुसरीकडून, डोक्यानं दाबायची कळ तिसरीकडून. पुरवठादाराकडची बाई दर आठवड्याला 'वाटेत आहे' म्हणायची. तेवढ्यात डार्लाचा उजवा हात गेला. आधी करंगळीशेजारचं बोट, मग मधलं, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अंगठा. ग्लास जिरेनियममध्ये ओतायला आता हात नव्हता, आणि तो न पिण्याचं कारण लपवायलाही जागा नव्हती. रॉली चार वाजता नळी घालून अर्धाच ग्लास आणायचा. ती एक घोट घ्यायची, तो ग्लास परत न्यायचा. जिरेनियमची पानं खालून पिवळी पडायला लागली होती.

तो फॉर्म रॉलीनं फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला होता. "लपवालपवी पुरे झाली," असं तो म्हणाला होता. सही होती, तारखेची जागा कोरी होती. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्याची पाठ पार धरली आणि तो तीन दिवस अंथरुणाला खिळला. चर्चमधल्या बायका पाळीपाळीनं आल्या, डार्लाला चौघीचौघींनी मिळून उचललं आणि जाताना फ्रिजवरचा कागद न वाचल्यासारखं करून वाचला.

मे महिन्यातल्या एका सकाळी डार्ला खिडकीशी होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. रॉली हातात पेन घेऊन फ्रिजसमोर उभा असलेला तिला दिसला. एक हात त्यानं कमरेवर दाबून धरला होता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

"टाकायची असेल तर टाक," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

तो वळला नाही. "रागावशील."

"हो, रागावेन. तरी टाक."

त्यानं पेन खिशाला लावलं आणि तो कॉफी करायला लागला. डबा उघडताना कॉफी ओट्यावर सांडली, ती त्यानं पुसली नाही.

मेच्या शेवटच्या गुरुवारी कर्टिसची व्हॅन दारात आली. या खेपेला इमेल्दाही आपल्या गाडीतून मागोमाग आली होती. रजेच्या दिवशी आली होती, पण ते तिनं सांगितलं नाही. खुर्ची अवजड होती, प्लायवुडचा उतार तिच्याखाली कण्हला. डार्लानं कर्टिसला एक शब्द बोलू दिला नाही.

"आधी कलवून दाखव."

त्यानं कलवून दाखवली.

"बैठक."

बैठक सावकाश वर गेली आणि खाली आली.

इमेल्दानं डोक्यामागच्या गाद्या नीट बसवल्या, एकेक कळ तपासली, आणि तासभरानं डार्लाला खुर्चीत घेतलं. डार्लानं डोकं मागे टेकलं तशी खुर्ची पुढे गेली. उजवीकडे झुकवलं तशी वळली, आणि दाराच्या चौकटीला लागून तिथला रंग खरवडला गेला.

"जाऊ दे, मी लावीन रंग," रॉली घाईघाईनं म्हणाला. "चालव तू, चालव."

न्हाणीघरात इमेल्दानं बैठक कमोडच्या बरोबरीला आणली, मध्ये फळी टाकली आणि रॉलीला सांगितलं, "उचलायचं नाही हं. नुसतं कमरेशी धरा आणि सरकवा." रॉलीनं सवयीनं पाय रोवले, श्वास भरून घेतला आणि धरलं. डार्ला सरकली. एवढंच झालं. तो भरलेला श्वास त्याच्या छातीत तसाच राहिला. "परत," तो म्हणाला. त्यांनी तीन वेळा केलं.

फेब्रुवारीतली ती चकचकीत खुर्ची घेतली असती, तर ती आज या घरात हातानं चालवायच्या दांड्यासकट निमूट उभी राहिली असती आणि डार्ला तिच्यात. हे दोघांच्याही मनात आलं असावं.

कर्टिसनं पाटी काढली. डार्लानं कागद वाचला, पहिल्या ओळीपासून. मग कर्टिस म्हणाला, "मिस्टर हॉल्वर्सननी सही केली तरी चालेल. आम्ही तसंच करतो."

"खुर्ची कुणाला मिळाली?"

"तुम्हाला."

"मग सही मी करणार. रॉली, पेन दे तोंडात."

रॉलीनं पेन तिच्या दातांत दिलं. इमेल्दानं पाटी वर उचलून धरली. डार्लाला नाव लिहायचं होतं, पण पहिल्या अक्षराचा गोळाच झाला. नंबरपाट्यांच्या हजारो कागदांवर जी सही तिनं हाताकडे न बघता ठोकली होती, ती आता होत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात नव्हता. तिनं पेन सोडलं नाही. एक तिरकी रेघ ओढली, मग तिच्यावर दुसरी. फुली झाली.

"उत्तम," कर्टिस म्हणाला आणि पाटी घ्यायला पुढे झाला.

डार्लानं पेन रॉलीच्या हातात सोडलं. "थांब. फुली मारली तर दोन साक्षीदार लागतात."

"आमच्या फॉर्मवर साक्षीदाराची जागाच नाहीये, मॅडम."

"समासात करा. नाव, सही, तारीख. असाच दिलास तर उद्या कुणीतरी परत पाठवेल. मी पाठवला असता."

कर्टिसनं समासात नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली.

"नवरा चालतो का साक्षीदार?" रॉलीनं विचारलं.

"माझ्या काउंटरवर चालायचा."

रॉलीनं चष्मा लावला, पाटी टेबलावर ठेवली आणि सही केली. मग तारीख लिहिली. महिना, दिवस आणि शेवटी साल, चारही आकडे सुटे सुटे. लिहून झाल्यावर त्यानं ती पाटी डार्लासमोर धरली. तिनं पाहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता ने."

व्हॅन गेली, इमेल्दा गेली. डार्लानं डोकं झुकवून खुर्ची वळवली आणि ती आपली आपण खिडकीशी जाऊन थांबली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. रॉली सवयीप्रमाणे नळी घातलेला अर्धा ग्लास घेऊन आला.

"भरून आण," डार्ला म्हणाली.

तो ग्लास हातात घेऊन क्षणभर उभा राहिला आणि मग आत गेला. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी थंडगार यावं म्हणून त्यानं तो बराच वेळ तसाच वाहू दिला.